दवाई घेतली

कृषी विद्यापीठात माझा प्रबंध चालू होता: झाड रोगाला तोंड कसं देतं. अकोल्याहून हिवरखेडला मामीकडे गेलो की मी शहाणपण पाजळायचोच. त्यात मामीनं टमाट्याच्या पानांवरचा करपा दाखवला. झालं! ओट्यावर बसून मी व्याख्यान ठोकलं. झाडाच्या अंगात संप्रेरकं असतात, एका पानाला रोग लागला की ती बाकीच्या पानांना सावध करतात, आणि त्यातलं एक तर आपल्या डोकेदुखीच्या गोळीचं सख्खं भावंड. मामीनं चहा पुढं केला. "मंग झाडाले गोळी चालते म्हन?" मी विद्वानासारखा हसलो. नाही म्हणालो नाही.

आठवड्यानं तिच्या शेजाऱ्याचा फोन आला. "लवकर ये. तुह्या मामीनं दवाई घेतली. दहा पत्ते."

त्या वर्षांत आमच्याकडे 'दवाई घेतली' याचा एकच अर्थ उरला होता: जीव द्यायला विष घेतलं. कपाशीनं सगळ्यांचीच वाट लावली होती, मामीच्या हाती फक्त हे विहिरीजवळचे टमाटे होते. मिळेल त्या एसटीनं मी हिवरखेड गाठलं.

मामी वावरात होती. पाठीवर पंप, तोंडाला पदर. "कावून रे, तोंड कावून उतरलं तुहं? गोळ्यायचे दहाही पत्ते कुटून फवारून राहिली न मी. तूच तं सांगतलं होतं!" मी मटकन बांधावर बसलो आणि रडलो. मागून शेजारी म्हणतो, "मेडिकलातून घेतली, असंच म्हनत होतो मी. तू फोनच ठेवला."

करपा खरंच थांबला, बरं का. मामीनं गावभर माझं कौतुक केलं. मग अळी आली आणि पंधरा दिवसांत नुसते देठ उरले. कारण मला तोंडपाठ होतं: रोगाशी लढणारं संप्रेरक चढलं की अळीशी लढणारं दबतं. झाडाला एका वेळी एकाच दाराची राखण जमते. व्याख्यानात तेवढंच सांगायचं राहिलं होतं. वा रे विद्वान!

प्रबंधात मात्र विसरलो नाही. 'एका शेतातील निरीक्षण', अख्खं पान. परीक्षक खूश. ऋणनिर्देशात मार्गदर्शक, ग्रंथपाल, टंकलेखक, सगळे हजर. तो जाड ग्रंथ मामीनं मांडीवर घेतला.

"माहे टमाटे कोठी हायेत यात?"

मी पान काढून दिलं. तिनं त्यावरून सावकाश बोट फिरवलं.

"आन मी?"