जमुनाबाईनं पिझ्झा लाटला

गोंदियाजवळच्या फुलचूरच्या जमुनाबाईच्या तांदळाच्या भाकरीला अख्ख्या गल्लीत तोड नव्हती, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. म्हणून नात गुंजननं विचारलं, "आजी, वाढदिवसाला घरीच पिझ्झा करशील?" तर बाई छाती ठोकून हो म्हणाली. पोरीनं लगेच वर्गभर सांगून टाकलं. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. आजी अन् पिझ्झा? आता पोरीची सगळी इज्जत त्या पिठावर होती.

सकाळी जमुनाबाईनं मैद्यात यीस्ट टाकलं आणि वरून खळखळ उकळतं पाणी ओतलं. दुसरं करणार काय! जन्मभर तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यातच मळलेलं, हात आपोआप तिकडंच गेला. यीस्ट बिचारं जागीच मेलं. दुपार झाली तरी गोळा ढिम्म.

"आई, पाणी कोमट पाहिजे होतं," सून मंजू हळूच म्हणाली.

"मंग आधी काऊन नाही सांगितलं?"

दुसरा गोळा कोमट पाण्यात मळला. हा मात्र टम्म फुगला. पण लाटायला घेतला की मेला आखडायचा. लाटणं पुढं, पीठ मागं! जमुनाबाईनं जोर लावला, शिव्या घातल्या, पोळपाट आपटला. दारात गुंजन नव्या फ्रॉकात उभी, तोंड एवढंसं झालेलं.

"आजी, होऊन राहिलं ना?"

"होते व माय! जा तू."

म्हणाली खरी, पण धीर सुटला होता तिचाच. गोळ्यावर ओलं फडकं टाकून ती अंगणात जाऊन बसली. पड म्हणावं तसाच! चहा घेतला, पदरानं डोळे पुसले आणि शेवटचं म्हणून परत लाटणं हातात घेतलं. अन् काय सांगावं, पीठ निमूट पसरत गेलं. मागं सरलंच नाही. त्यालाही घटकाभर बसायचं होतं, एवढंच! जमुनाबाईनं हुश्श केलं.

जाड तव्यावर, झाकणाखाली पिझ्झा झाला. पोरींनी बोटं चाटून खाल्ला, आणखी मागितला. "म्हटलं नव्हतं?" गुंजन सगळ्यांना ऐकवत होती.

मंजूनं मागच्या दारी जाऊन नवऱ्याला फोन लावला. लीलाधर केव्हाचा गोंदियात पिझ्झाच्या दुकानाबाहेर उभा होता, न जाणो, आईचा फसला तर!

"अहो, या आता. रिकाम्या हातानं या."

जमुनाबाईनं ते ऐकलं. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. आज ती भिंतीला टेकून हसत सुटली, हसता हसता डोळे भरून आले.

"त्याले म्हणावं, लवकर ये. माह्या हातचा गरम हाय तोवर खा."