दहा फूट दोन इंच

एकसष्ट वर्षांच्या माणसाला इंच्या म्हणणं बरं दिसत नाही, पण तो स्वतःच फोन उचलून "इंच्या बोलतोय" म्हणायचा, तेव्हा आपण कशाला लाजायचं? ट्रान्सपोर्टच्या आवारात त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच पडून होतं. कमरेला चामडी खोळीत पोलादी टेप, खांद्यावर जोड देऊन वाढवता येणारी मापाची काठी आणि कपाळावर एक कायमची आठी. पोती, खोकी, पत्रे असला सरळ माल त्याच्याकडे येत नसे. जे कुठल्याच गाडीत धड मावत नाही, म्हणजे बॉयलर, पाण्याच्या टाक्या, एकदा तर कुणाचा तरी अख्खा गोल जिना, ते ट्रेलरवर चढवून मुक्कामाला पोचवायची जुळवाजुळव तो करायचा.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "जाईल का हो?" दुसरा कुणी असता तर "जाईल की, न जायला काय झालं" म्हणून मोकळा झाला असता. इंच्या म्हणायचा, "मोजतो." मग ती वस्तू मोजायचा, ट्रेलर मोजायचा, आणि एवढ्यावर भागायचं नाही म्हणून स्कूटरवर बसून अख्खा रस्ता पालथा घालायचा. वाटेतला प्रत्येक पूल, प्रत्येक कमान, रस्त्यावर लोंबणारी प्रत्येक वायर. गिऱ्हाइकं वैतागायची, मालक कपाळाला हात लावायचा. पण एकदा का त्याने "जाईल" म्हटलं, की ड्रायव्हर पुलाखालून जाताना मान वर करून बघत नसत.

याला कारण होतं. तिशीत असताना एका छपाईयंत्राबाबत त्याने बसल्या जागी "जाईल" म्हटलं होतं. पुलावरच्या पाटीवर साडेतेरा फूट, लोड, म्हणजे ट्रेलर आणि माल मिळून, तेरा फूट, मग अडचण कसली? पण रस्त्यावर दर दोन-चार वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो आणि पाटी मात्र बसवली त्या दिवसाचीच राहते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. यंत्राचा माथा तुळईला लागला, साखळ्या तुटल्या आणि ते मागे बसलेल्या हमालावर सरकलं. हमाल दोन मुलींचा बाप होता. चौकशीत सगळा दोष पाटीवर गेला. इंच्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्याला आयुष्यभर पुरलं.

त्यानंतर त्याने लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही. आवाराच्या मागे दोन खोल्यांत राहायचा. रविवारी तेवढा थोरल्या भावाकडे जेवायला जायचा. वहिनी ताट समोर ठेवून म्हणायच्या, "घ्या भावजी, मोजून घ्या, कमी असेल तर सांगा." तो हसायचा. आठवड्यातून त्याचं हसणं असं तेवढंच.

हा थोरला भाऊ, दादा, पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचा. तरुणपणी दोन वर्षं त्याची बदली धरणावर झाली होती. तिथल्या जलाशयावर कुणाची तरी शिडाची होडी त्याने पाहिली, आणि ते खूळ डोक्यात गेलं ते गेलंच. निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने स्वतःची होडी बांधायला घेतली. ज्या गावात नळाला दिवसाआड पाणी, तिथे हा माणूस होडी बांधतोय म्हटल्यावर शेजारीपाजारी गप्प बसतील होय? "पाणी कधी सोडणार आहात?" असं विचारून विचारून लोक थकले. दादा अकरा वर्षं फळ्या वाकवत, घासत, रंगवत राहिला. एकोणीस फुटांची होडी, वर माणूस जेमतेम आडवा होईल एवढी केबिन आणि तळाला खाली उतरलेला एक लोखंडी पंख. त्या पंखामुळे पाण्यात ती बुटकी दिसणार होती, पण जमिनीवर मात्र चांगलीच उंच उभी होती.

होडी पुरी झाली आणि दादाच्या फुप्फुसांनी हात टेकले. लाकडाच्या भुशाने झालं की आणखी कशाने, ते डॉक्टरांनी सांगायचं टाळलं. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकापाशी ते वहिनींना आणि इंच्याला म्हणाले, "आठवडे म्हणा, दिवस म्हणा. मी आकडा सांगणार नाही." ज्याचं सगळं आयुष्य आकड्यांवर चाललं त्याला नेमका हाच आकडा कुणी देईना.

घरी आणल्यावर दादाची एकच मागणी होती. होडी पाण्यावर तरंगताना बघायची. आत बसायचं नाही, काठावर खुर्ची टाकून नुसती बघायची. जलाशय एकशे ऐंशी किलोमीटरवर. होडी ट्रेलरवर जाईल, मागून गाडीत दादा, वहिनी आणि ऑक्सिजनचं नळकांडं. डॉक्टरांनी खांदे उडवून परवानगी दिली.

सोमवारी इंच्याने डोलकाठी उतरवून होडीच्या अंगावर आडवी बांधून घेतली आणि होडी ट्रेलरवर चढवली. मग जमिनीपासून केबिनच्या माथ्यापर्यंत तीनदा मोजलं. दहा फूट दोन इंच. मंगळवारी सकाळी तो दादाच्या खोलीत गेला. दादा तीन उशांना टेकून बसला होता. नाकात नळी, खिडकी उघडी, आणि खिडकीतून ट्रेलरवरची होडी दिसत होती.

"जाईल का रे?" दादाने विचारलं.

"मोजतो."

दादा हसला, हसण्याचा खोकला झाला, खोकला निवायला बराच वेळ लागला. मग म्हणाला, "तुझ्या तोंडून 'जाईल' ऐकायचं तर माणूस चिवट हवा. मोज बाबा. मी आहे."

बाहेर ट्रेलरचा ड्रायव्हर पट्टे आवळत होता. याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तोंड म्हणून मिटायचा नाही. तो म्हणाला, "इंचकाका, ऐका माझं. उद्या सकाळी निघू. मोठ्या रस्त्याने मी महिन्यातून चारदा जातो. ही चिमुकली होडी, तिला काय मोजायचं? मी याच्या दीडपट उंच लोड नेलेत तिथून."

"तू नेलेस ते मी मोजलेले होते," इंच्या म्हणाला.

"तेच तर म्हणतोय! मोजलेलाच रस्ता आहे."

"दोन वर्षांपूर्वी मोजलाय. त्यानंतर डांबर किती चढलं, ठाऊक आहे तुला?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी रेडिओकडे पाहिलं, मग दिराकडे. "भावजी, रात्री श्वास फार लागला होता त्यांना," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात काय आहे ते न कळण्याइतका इंच्या मठ्ठ नव्हता. उद्या निघा, असं त्यांना म्हणायचं होतं. पण ज्या माणसाने तीस वर्षं मालकाचं ऐकलं नाही, तो आता ऐकणार होता थोडाच? त्यातून ही दादाची होडी. दुसऱ्या कुणाची असती तर एक वेळ त्याने डोळेझाक केली असती, निदान असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. "दोन दिवस द्या, वहिनी. शुक्रवारी निघू," असं म्हणून त्याने स्कूटरला किक मारली.

बुधवार संध्याकाळपर्यंत त्याने निम्मा रस्ता मोजला. सगळं ठीक होतं. गुरुवारी सकाळी पुढे गेला तर नदीवरच्या पुलाशी पिंपं आडवी लावलेली. दुरुस्तीसाठी पूल त्याच दिवशी सकाळी बंद केला होता. बुधवारी तो उघडा होता. झेंडा घेऊन उभ्या असलेल्या मजुराला त्याने तीन तीनदा विचारलं, जणू चौथ्यांदा विचारलं तर उत्तर बदलेल. मजुराने आडवाट दाखवली. चाळीस किलोमीटरचा वळसा, पाच गावं, गावागणिक लोंबत्या वायरी आणि शेवटी रेल्वेखालचा एक जुना बोगदा.

त्याने घरी फोन केला. "वहिनी, रविवार होईल."

पलीकडे नळकांड्याचा फुसफुस आवाज येत होता. वहिनी म्हणाल्या, "त्यांना तुम्हीच सांगा." फोन दादाच्या कानाला लागला.

"अडलं का घोडं?" दादाचा आवाज कुठून तरी खोल विहिरीतून आल्यासारखा.

"वळसा पडलाय. रविवारी नक्की."

"मोज," दादा म्हणाला. आणखी काही म्हणाला, पण ते श्वासातच विरलं. इंच्याने परत विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे त्याला नंतर किती वेळा वाटलं, त्याची मोजदाद नाही.

शुक्रवार वायरींत गेला. शनिवारी दुपारी तो त्या बोगद्याशी पोचला. तोंडावर पाटी होती, अकरा फूट. होडी दहा फूट दोन इंच, म्हणजे पाटीवर विश्वास ठेवला तर मध्ये दहा इंच. त्यात डांबराचे थर धरले तर किती उरले? त्याने काठी खांद्यावरून उतरवली, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं बरं वाटलं. बघा, यासाठीच मोजायचं असतं. रेडिओ नुसताच आला असता तर केबिनचा माथा इथे दगडाला लागला असता.

स्कूटर बाहेर लावून तो आत शिरला. आत ओल होती, काँक्रीटचा नवा रस्ता होता. काठी उभी केली, जोड वाढवत गेला, टोक वर टेकलं. साडेबारा फूट.

त्याने जागा बदलली. डावीकडे मोजलं, उजवीकडे मोजलं, पलीकडच्या तोंडाशी मोजलं. सगळीकडे साडेबारा. पाणी साचतं म्हणून कधीतरी रस्ता खोल खणून नव्याने केला होता आणि पाटी बदलायला कुणी आलंच नव्हतं. या वेळी पाटी उलट्या बाजूने खोटी होती. होडीच्या डोक्यावर सव्वादोन फुटांहून जास्त जागा. केबिनवर पोतं टाकून माणूस निजून गेला असता.

काठी मिटवून तो बाहेर उन्हात आला. बोगद्यात फोनला रेंज नव्हती. बाहेर पाऊल टाकताच खिशात फोन थरथरायला लागला तो थांबेचना. घरून आलेले सहा फोन. सातवा वाजला तेव्हा त्याने तो उचलला. वहिनींनी रडून नव्हे, अगदी सपाट आवाजात सांगितलं की दादा गेला. अर्ध्या तासापूर्वी. खिडकीकडे तोंड करून.

इंच्या तिथेच रस्त्याच्या कडेला बसला. काठी मांडीवर आडवी होती. अर्ध्या तासापूर्वी आपण चौथ्यांदा मोजत होतो, हे त्याला समजलं, आणि समजल्यावर करण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढचे दिवस जसे जायचे तसे गेले. आता होडी विकून टाका, असं दोघातिघांनी सुचवलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि पंधराव्या दिवशी दिराला निरोप धाडला, ठरल्याप्रमाणे न्यायची. कोण कोण येणार असं त्याने विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही आणि मी. आणखी कोण उरलंय?"

रेडिओ ट्रेलर चालवत होता. त्याच्या शेजारी इंच्या, खिडकीपाशी वहिनी. गाडी वेगळी करायची गरज आता नव्हती. रेडिओच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. एकशे ऐंशीचे दोनशे वीस किलोमीटर झाले, तेवढ्यात तो चार शब्द बोलला असेल. गावांतल्या वायरींखालून होडी सहज निघाली. बोगदा आला तसा सवयीने रेडिओने ब्रेक दाबला, इंच्या उतरून बघेल म्हणून.

"चल," इंच्या म्हणाला.

होडी आत शिरली. वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे वर पाहिलं. बोगदा संपेपर्यंत त्या तशाच बघत होत्या. मग डोकं आत घेऊन त्यांनी पदर सारखा केला.

जलाशयाच्या काठाला पाण्यात उतरत जाणारा एक सिमेंटचा उतार होता. रेडिओने ट्रेलर उलटा घेत घेत चाकं बुडेपर्यंत पाण्यात नेला. इंच्याने पट्टे सोडले. होडी क्षणभर अडून बसली, मग मागच्या अंगाने उचलली गेली आणि ट्रेलरवरून अलगद सुटली. अकरा वर्षं जमिनीवर उंच उभी असलेली ती वस्तू पाण्यात बुटकी झाली. किंचित डावीकडे कलून, दोरीच्या टोकाला, ती तरंगत राहिली. गळती एक थेंब नव्हती. दादाने काम चोख केलं होतं.

घरून आणलेली घडीची खुर्ची वहिनींनी काठावर उघडून ठेवली होती. तिच्यावर त्या स्वतः बसल्या नाहीत. बाजूला उभ्या राहिल्या. इंच्या गुडघाभर पाण्यात दोरी धरून होता. त्याला मोठ्याने रडावंसं वाटत होतं आणि रेडिओ समोर होता म्हणून तो रडत नव्हता.

"भावजी," वहिनींनी हाक मारली. "एक विचारू?"

"विचारा."

"त्या बुधवारी न मोजता निघालो असतो तर होडी कुठे अडली असती का?"

त्याने दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तीस वर्षांत त्याच्या तोंडून खोटं माप गेलं नव्हतं. चार बोटं कमी पडली असती म्हणाला असता, अर्धा फूट म्हणाला असता, तरी तपासायला कोण जाणार होतं?

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "मोठा रस्ता बुधवारी उघडा होता, तिथे प्रश्नच नव्हता. आणि वळशाने गेलो असतो तरी बोगद्यात सव्वादोन फुटांच्या वर जागा होती."

वहिनींनी एकदा होडीकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची मिटली आणि काखोटीला मारली.

"एवढं एक माप तरी खोटं सांगायचं होतंत, भावजी," त्या म्हणाल्या, आणि ट्रेलरकडे चालू लागल्या.