दरीसाठी दाजींची पुस्तकं

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आजवर पुस्तक वाचल्याशिवाय कुठेही गेलेले नाहीत. कुठेही म्हणजे कुठेही. काशीला जाताना माणसं माहिती काढतात, परदेशी जाताना काढतात, हे मी समजू शकतो. पण दाजी हर्नियाच्या ऑपरेशनला गेले तेही शरीररचनेचं जाडजूड पुस्तक वाचून, आणि टेबलावर आडवे झाल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी विचारलं की तुमचं औषध जुन्या पद्धतीचं की नव्या. बाईंनी उत्तर न देता सुई टोचली. खरं तर हा दोष त्यांचा एकट्याचा नाही, नोकरीचाही आहे. दाजींची सगळी हयात ओझरच्या विमान कारखान्यात गेली, तीही तपासणी खात्यात. तिथला शिरस्ता असा की मॅन्युअल वाचल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, मग तो बोल्ट तुम्ही रोज का फिरवत असेना. निवृत्त झाल्यावर हातातला पाना सुटला, मॅन्युअल काही सुटलं नाही. आणि या सगळ्याचा ताप मला, कारण नाशकात रविवार कारंजाजवळ माझं पुस्तकांचं दुकान आहे. पुस्तकांचं म्हणजे वह्या, गाईडं आणि कंपासपेट्यांचं. मागच्या भिंतीला दोन फळ्या खऱ्या पुस्तकांच्या आहेत, त्यातली बहुतेक दाजींसाठी मागवलेली आणि दाजींनी नापास केलेली.

माझ्या चुलत भावाची सोयरीक सटाण्याला झाली तेव्हाची गोष्ट. लग्नाला जायचं तर माणूस अहेर घेतो, कपडे इस्त्री करतो. दाजींनी कांद्यावरच्या रोगांची पुस्तिका वाचली. का, तर सटाणा म्हणजे कांद्याचा मुलूख, तिथे चार माणसांत बसायचं तर विषयाची माहिती पाहिजे. मांडवात त्यांनी नवरीच्या मामांना करपा रोगाबद्दल असं काही सांगितलं की मामांना वाटलं हे शेती खात्यातले कुणी बडे अधिकारी आहेत. ‘साहेब, वावर आठेच शे, जरा देखी ल्या,’ म्हणून मामांनी त्यांना मोटारसायकलवर घातलं आणि शेतावर नेलं. इकडे मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि ताई दारात उभी राहून नवऱ्याची वाट बघतेय. दाजी आले ते बूट चिखलाने माखलेले, सफारीच्या खिशातून कांद्याची पात बाहेर लोंबतेय. वर म्हणाले, ‘करपाच होता.’ तेव्हापासून दरवर्षी सटाण्याहून ताईकडे कांद्याची गोणी येते. त्यामुळे दाजींच्या वाचनाला घरातून म्हणावा तसा विरोध झाला नाही.

पुस्तक निवडण्याची त्यांची रीत मात्र बघवत नाही. दुकानात येतात, स्टूल ओढतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि पुस्तक थेट मधोमध उघडतात. पहिलं पान कधीच नाही. ‘मेहुणे, मॅन्युअलच्या सुरुवातीला साहेबांची सही आणि कंपनीचं कौतुक असतं. काम असतं मध्यात,’ असं त्यांचं म्हणणं. प्रस्तावना हा प्रकार त्यांना लग्नातल्या मानपानासारखा वाटतो. जेवण वाढायचं सोडून टोप्या कसल्या घालताय? मधलं पान वाचून झालं की पुस्तकाचा वास घेतात, हातात तोलून बघतात, आणि एकतर काखोटीला मारतात, नाहीतर फळीवर ठेवून देतात. शेजारी गिऱ्हाईक खोळंबलंय याची त्यांना फिकीर नाही.

तर अशा दाजींना मागच्या उन्हाळ्यात लेकीचा निरोप आला. सई त्यांची एकुलती एक. अमेरिकेत असते आणि दगडांचा अभ्यास करते. डोंगराचा कुठला थर कधी तयार झाला ते शोधून काढायचं, असं तिचं काम. ती म्हणाली, ऑक्टोबरात या. इथे वाळवंटात एक प्रचंड दरी आहे. आपण दोघं पाठीवर पिशव्या घेऊन चार दिवस चालू, तळाशी नदी आहे तिथे तंबूत राहू. आईचे गुडघे धरतात, ती वर माझ्या मैत्रिणीकडे राहील. आणि बाबा, पुस्तक एकच आणा. पाठीवरचं ओझं ज्याचं त्याने वाहायचं असतं.

दुसऱ्या दिवशी दाजी दुकानात आले तेव्हा मला वाटलं होतं स्वारी हवेत असेल. कशाचं काय! स्टुलावर बसले, मी चहा सांगितला तो नको म्हणाले, आणि बोलले, ‘मेहुणे, चार दिवस. मी तिच्याशी काय बोलू?’

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं. कारण त्यांच्या घरचा रविवारचा फोन मी अनेकदा ऐकला आहे. ‘जेवलीस का?’ ‘हो बाबा.’ ‘थंडी आहे का?’ ‘आहे थोडी.’ मग दाजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, सई तिकडे खाकरते, आणि ‘आईला द्या’ म्हणते. पुढे मायलेकी तासभर खिदळतात आणि दाजी आतल्या खोलीत पेपर उलटा धरून बसतात. ही तीच पोरगी जी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पांडवलेणी चढायची, खिशात गारगोट्या भरायची, आणि खाली येईपर्यंत तिच्या तोंडाला क्षणाची विश्रांती नसायची. मग ती शिकली, हॉस्टेलला गेली, लांब गेली. भांडण नाही, तंटा नाही; विषयच संपले. ‘ही शेवटची संधी आहे हो,’ दाजी म्हणाले. ‘माझेही गुडघे आता आवाज करतात. पुढल्या खेपेला मी कुठला चालतोय? तेव्हा पुस्तक असं द्या की चार दिवस पुरेल.’

मी मागवत गेलो, ते नापास करत गेले. एका गोऱ्या गृहस्थाने वाळवंटातून एकट्याने चालून लिहिलेलं पुस्तक आलं. दाजींनी मधोमध उघडलं, वाचलं आणि मिटलं. ‘हा माणूस अख्खं पुस्तकभर स्वतःशीच बोलतोय. मला मुलीशी बोलायचंय.’ वाळवंटातल्या साप-विंचवांचं रंगीत चित्रांचं आलं, ते त्यांना मनापासून आवडलं, पण म्हणाले, ‘साप निघाला तर विषय निघेल. सापाच्या भरवशावर कसं राहायचं?’ निवडुंगांचं आलं. ‘निवडुंग दाखवला तर ती हो बाबा म्हणेल. संपलं.’ एक कादंबरीही मी मोठ्या आशेने दिली, तर त्यात बाप पहिल्याच प्रकरणात वारतो हे ताईने आधी वाचून सांगितलं आणि ते पुस्तक घराबाहेर काढलं. शेवटी आलं त्या दरीच्या दगडांचं, इंग्रजी, वजनाला विटेएवढं. दाजींनी मधलं पान उघडलं ते मिटेचनात. ‘आपल्याकडे बघा, वरपासून खालपर्यंत एकच काळा कातळ,’ ते म्हणाले. ‘तिकडे थरावर थर आहेत. वरचा नवा, खालचा जुना. आणि हे तर सईचंच काम की हो!’

झालं. पुढचे कित्येक महिने गंगापूर रोडवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी एक सद्गृहस्थ बारा ज्योतिर्लिंगं म्हणावीत तसे दगडांचे थर वरपासून खालपर्यंत म्हणताना ऐकले. सोबत पायांची तयारी. पिशवीत ती वीट घालून पांडवलेणीच्या पायऱ्या, मग चामरलेणी, मग अंजनेरी, आणि संगतीला मी, कारण ताईने डोळे वटारले होते. आम्हा नाशिककरांना डोंगराचा नियम आईच्या दुधातून मिळालेला असतो. आधी चढायचं; दमलं की तिथून मागे फिरायचं, घर उताराला असतं. अंजनेरीवर दाजी निम्म्यात थांबले आणि म्हणाले, ‘तिथेही असंच करायचं. जमेल तेवढं जायचं, पाय बोलायला लागले की परत.’ मी म्हटलं, अगदी बरोबर. दोघेही घोडे झालेलो, आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पाडला ताईने, मेथी निवडता निवडता. ‘अहो, दरी म्हणजे आधी खालीच ना जायचं? मग पाय बोलायला लागतील तेव्हा तुम्ही तळाला. वर कोण आणणार, मी?’ दाजींनी माझ्याकडे बघितलं, मी दाजींकडे. मग त्यांनी ती वीट काढली आणि जन्मात पहिल्यांदा पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथे ठळक अक्षरांत, चौकटीत, हेच लिहिलं होतं: उतरणं सोपं वाटेल, चढ परतीच्या वाटेवर आहे, अर्धी ताकद राखून ठेवा. ‘बोंबला!’ एवढंच दाजी म्हणाले. त्यांच्या तोंडून असा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

मग प्रश्न आला की नाशकात आधी उतरायचं कुठे. त्यावर दाजींनी काढलेला तोडगा मी मरेपर्यंत विसरणार नाही. आम्ही एसटीने थेट सप्तशृंगी गडावर जायचो, देवीला हात जोडायचो, पायवाटेने पायथ्याच्या नांदुरीपर्यंत खाली उतरायचो, आणि तिथे चहा पिऊन पुन्हा गड चढायचो. समोरून भाविक चढून येतायत आणि आम्ही दोघं पाठीला पिशव्या लावून उलटे खाली. एका म्हातारबाईंनी काठी टेकून दाजींना अडवलं. ‘बाबा, नवस उलटा बोलला का काय तू?’ दाजींनी त्यांना दरी, लेक, वाळवंट सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मंग पोरीलाच हितं बोलवायचं ना.’ परतीच्या चढावर दाजींच्या छातीचा भाता असा चालायचा की एक शब्द फुटायचा नाही. ‘तिकडे... वर येताना... बोलायचं... कसं?’ एवढं विचारायला त्यांनी तीन वळणं घेतली.

ऑक्टोबरात गेले, दिवाळीच्या आत परत आले. रंगाने काळवंडलेले, जरा वाळलेले. तिसऱ्या दिवशी स्टुलावर हजर. मी विचारलं, ‘पुस्तक पुरलं का?’

‘पहिल्या दुपारपर्यंत,’ ते म्हणाले.

उतरताना त्यांनी एकेक थर नावानिशी सांगितला. एकही चुकला नाही. सई इतकी खूश झाली की येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी माणसांनाही थांबवून सांगत सुटली, हे माझे बाबा. पण दुपारी डबा उघडेपर्यंत थर संपले. मग दोघं दगडावर बसून खात असताना दाजींनी तिला विचारलं, ‘जेवलीस का?’ घास तिच्या तोंडात होता! ती म्हणाली, ‘हो बाबा.’ तळाशी नदीकाठी दोन दिवस तसेच गेले. पाणी गार आहे. हो बाबा. तारे खूप आहेत. हो बाबा. दाजींनी मनात म्हटलं, एवढं वाचून फुकट गेलं.

परतीच्या चढावर त्यांचा भाता सुरू झाला. सई पुढे होती ती मागे आली आणि त्यांच्या चालीने चालू लागली. दाजींनी हातानेच खूण केली, मला बोलता येत नाही. तेव्हा तीच बोलायला लागली. आधी दगडांबद्दल, मग ऑफिसातल्या माणसांबद्दल, मग घरमालकिणीबद्दल, आणि मग पहिल्या वर्षाबद्दल. तेव्हा तिला तिथे इतकं एकटं वाटायचं की एका रविवारी सगळं सोडून परत यायचं ठरवून तिने फोन केला होता. ‘मी विचारलं असणार, जेवलीस का,’ दाजी म्हणाले. ‘ती हो म्हणाली. मेहुणे, दोन दिवस जेवली नव्हती पोर.’

दुकानात कुणीतरी दोनशे पानी वही मागत होतं, त्याला मी कुठली दिली ते आठवत नाही.

‘मला दम लागला नसता ना,’ दाजी चष्मा पुसत म्हणाले, ‘तर मी मध्येच तोंड घातलं असतं, अगं मग जेवायचंस ना म्हणून. गप्प बसली असती ती. कडा संपेपर्यंत बोलत होती. लहानपणी बोलायची तशी.’

ती वीट आता माझ्या मागच्या फळीवर आहे, विकायची नाही असं सांगून ठेवलेली. दाजींनी त्यानंतर नवीन पुस्तक मागवलेलं नाही, आणि गुडघ्यांच्या डॉक्टरांनी डोंगर कायमचा बंद केला आहे. पण ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. रविवारी सकाळी फोनची वेळ झाली की लिफ्टने खाली जातात, पार्किंगमध्ये उभे राहून सईचा फोन घेतात आणि जिन्याने वर यायला निघतात. ताई चिडते, डॉक्टरांनी नको सांगितलंय, सोसायटीची माणसं हसतात. सुरुवातीला ते पूर्ण जिना चढायचे, नंतर दोन मजले, आता एकच. परवा मी गेलो तर पहिल्या मजल्याच्या वळणावर, पायरीवर बसले होते. दम केव्हाच ओसरला होता, तरी तोंड उघडत नव्हते. फोन कानाशी दाबलेला, आतून सईचा आवाज अखंड चाललेला. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीकडे सरकून शेजारी जागा करून दिली. वर ताई दार उघडून आपली पाळी यायची वाट बघत उभी होती.