घाटातला बर्फ आणि मंगरूचा जबाब

मंगरू मडावी गोंदियाकडच्या प्रतापगडच्या पायथ्याशी राहायचा, जंगलात बांबू तोडायचा. १९४९च्या दिवाळीनंतर काश्मिरातल्या रस्त्याच्या कामावर माणसं भरती होऊ लागली, तेव्हा तो आणि त्याचा सोबती धनसिंग गोंदियाहून गाडीत बसले. घाटातला बर्फ फावड्यानं काढायचा, एवढंच काम होतं.

बर्फाची पारख त्याला रसूलचाचा नावाच्या तिथल्या म्हाताऱ्या हमालानं शिकवली. जुना बर्फ उन्हात वितळून पुन्हा गोठला की काचेसारखा गुळगुळीत होतो. वाऱ्यानं त्यावर आणून टाकलेला नवा थर नुसता टेकलेला असतो. पायाखाली पोकळ ‘धप्प’ वाजलं तर त्या उतारावर जायचं नाही. रानात वाढलेल्या मंगरूला हे लगेच उमगलं.

जानेवारीत तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या सकाळी ऊन निघालं आणि मुकादमानं सगळ्यांना उतारावर धाडलं. दहा पावलांवरच मंगरूच्या पायाखाली धप्प झालं. एक बारीक भेग सरसरत वर गेली.

“साहेब, आज नको. खालून पोकळ हाय.”

“तू मुझे सिखाएगा? चल आगे!”

मंगरू मुद्दाम मागे रेंगाळला. त्यानं धनसिंगचा हात धरला. “तूबी मागं राय.”

“सारे जाऊन राहिले, मीच काऊन थांबू?” धनसिंग हात सोडवून पुढे गेला.

अख्खा उतार एकदम सुटला. सात माणसं गाडली गेली, त्यांत धनसिंग. कडेला असलेल्या मंगरूला रसूलचाचानं उकरून काढलं. त्याच्या पायाची चार बोटं काळी पडली होती, ती कापावी लागली. दवाखान्यात मुकादम कागद घेऊन आला. “घर जाने का कागज है.” मंगरूनं अंगठा उमटवला.

गावी आल्यावर धनसिंगच्या बायकोनं, लीलाबाईनं विचारलं, “गोंदियाच्या बाजारात बरफाचा गोळा खाल्ला होता मी. त्यानं माणूस मरते?” मंगरूनं तिला सगळं सांगितलं. आपण मुकादमाला अडवलं होतं, हेही. तिनं विश्वास ठेवला. तो लंगडत तिच्या घरी सरपण टाकून यायचा.

पावसाळा सरता सरता लीलाबाईच्या नावानं टपालानं सरकारी कागद आला. गावच्या शाळेतल्या यादोराव मास्तरांनी तिच्या अंगणात वाचून दाखवला. भरपाई मिळणार नाही, कारण मनाई असतानाही मजूर आपणहून उतारावर गेले, असा जबाब सोबतच्या मजुरानं दिला आहे. मजुराचं नाव मंगरू मडावी.

लीलाबाई मंगरूकडे वळली. “तूच लिहून देल्ला?”

“मले वाचता येत नाही, वहिनी. घरी जायाचा कागद हाय म्हणे तो.”

“मंग न इचारता अंगठा कायले देल्ला?”

दवाखान्यात मंगरूला तेव्हा फक्त घर दिसत होतं.

मास्तरांनी त्याच्यासाठी तीन अर्ज लिहिले. एकाचंच उत्तर आलं: दिलेला जबाब आता बदलता येणार नाही. तोवर लीलाबाई लेकीला घेऊन सडक अर्जुनीला भावाकडे निघून गेली होती.

१९५८ साली त्या लेकीचं लग्न झालं. आवतण नसताना मंगरू पायी गेला. मांडवाच्या तोंडाशी लीलाबाईनं त्याला पाहिलं. वाटसरूला म्हणावं तसं ती म्हणाली, “जेवून जा,” आणि आत वळली.

मंगरू शेवटच्या पंगतीला बसला, जेवला आणि परत निघाला.