पौषातली बोट आणि परस्थानाची पेटी

आमच्याकडे पौषात कुणी घर सोडत नाही. माहेरी जायचं असलं तरी मार्गशीर्षात जाऊन या, नाहीतर माघ लागेपर्यंत गप्प बसा. आणि माझी बोट निघणार होती ऐन पौषात. बोटवाल्यांना पौषाचं काय! पण माझ्या सासूला होतं, आणि आमच्या घरात बोटवाल्यांपेक्षा सासूचं जास्त चालायचं.

लढाईच्या आधीची गोष्ट आहे. माझा नवरा लोणावळ्याला रेल्वेत फिटर होता. तिथून कुणीतरी माणसं भरती करत होतं, त्यात नाव घालून तो दर्यापार आफ्रिकेत, मोंबासाला गेला. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पवनेकाठच्या आमच्या गावात मोंबासा म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिथं गेलेला माणूस दुसरं घर करतो हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. नदीवर धुणं धुताना बायका मला ऐकू जाईल इतक्याच हळू बोलायच्या. मलाही संशय होता. त्यानं मला बोलावून घेतलं, परवान्याचे कागद पाठवले, तेव्हाही पहिला विचार आला तो हाच, की आता इतक्या दिवसांनी का?

पण जायचं होतं. खरं काय ते डोळ्यांनी बघायचं होतं, आणि बायकांचं बोलणं खोटं निघालं तर त्याच्यासोबत नांदायचं होतं. परवाना त्या बोटीपुरताच चालणार होता. ही बोट चुकली असती तर सासूनं बोटं मोडून म्हटलं असतं, देवाच्या मनात न्हाई, आणि मी जन्मभर त्या घरात भात लावत आणि काढत बसले असते.

म्हणून सासूनं परस्थान ठेवायचं ठरवलं. ज्यांना ही चाल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. निघायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी जाणाऱ्याचं थोडं सामान घराबाहेर काढायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेला, वेशीबाहेर, कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. सामान निघालं म्हणजे माणूस निघालं. मग मागून माणूस अमावास्येला निघालं तरी दोष नाही. फक्त ते सामान परत घरात आणायचं नाही. परत आलं की प्रवास मोडला.

लोक एखादं धुवट कापड, सुपारी आणि मूठभर तांदूळ बांधून ठेवतात. सासूनं माझी अख्खी पत्र्याची पेटी ठेवायला काढली. तीही कुठं, तर लोणावळ्याला तिच्या धाकट्या बहिणीकडे. ही माझी मावससासू तुंगार्लीच्या अंगाला एका बंगल्याची राखण करायची. मालक उन्हाळ्यात येणार, बाकी वर्षभर बंगला हिच्या ताब्यात. बोलणं असं की जिभेवर साखर ठेवल्यासारखं. अशा माणसांची मला भीतीच वाटते. मी म्हटलं, "आत्याबाई, पेटी कशाला? गाठोडं ठिवू." तर सासू म्हणाली, "दर्याचा परवास हाय. गाठुड्यावर भागत न्हाई."

पेटी मी स्वतः भरली होती. चार लुगडी, पितळेची भांडी, पोळपाट-लाटणं, मिरच्या, आणि आंबेमोहर तांदळाची पिशवी. भरल्यावर एका बाजूची कडी धरून मी ती उचलून पाहिली होती. कुलूप कामशेतच्या बाजारातून आणलेलं, त्याला दोन किल्ल्या. एक मी गळ्यातल्या पोतीत अडकवली. दुसरी सासूनं मागून घेतली, "हरवलीस तर?" म्हणून. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मुहूर्ताच्या दिवशी मी नदीवरून धुणं घेऊन परत येते तो पेटी गाडीत चढलेली आणि सासरे बैल जुंपत होते. मला शेवटचा हातसुद्धा लावू दिला नाही.

पौष लागला. बोटीच्या आदल्या दिवशी सासरे आणि मी निघालो. सासू दारापर्यंत आली, माझ्या हातावर दही घातलं, आणि एवढंच म्हणाली, "पेटीला जप." डोळ्यांत टिपूस नाही. मला म्हणाली असती ‘स्वतःला जप’, तर काय जीभ झडणार होती का? गाडीत बसले आणि कामशेतपर्यंत तेच मनात घोळवत राहिले. धुकं इतकं होतं की बैलांची शिंगं तेवढी दिसत होती. मामंजी घोंगडीत तोंड खुपसून गप्प होते. तसे ते नेहमीच गप्प असायचे, पण त्या दिवशी मला त्यांच्या गप्प बसण्याचाही संशय आला.

कामशेतहून रेल्वेनं लोणावळ्याला उतरून आम्ही टांगा करून मावशीकडे गेलो. तिनं चहा केला, गूळ जास्त घातला. तिच्या अंगावरचं हिरवं लुगडं मला फार ओळखीचं वाटत होतं. माझ्या पेटीतही एक तसलंच होतं. मी काठ बघायला जरा वाकले, तर तिनं पदर ओढून घेतला. पेटी आतल्या खोलीत, खाली पाट ठेवून, वर हळदकुंकू वाहून ठेवली होती. देवासारखी. टांगेवाल्यानं एक कडी धरली, मी दुसरी धरली, आणि पेटी जागची हलली नाही.

मी मावशीकडे बघितलं. ती म्हणाली, "परक्या घरचं पानी पिऊन सामान जड हुतं गं."

सामान पाणी पितं! मी सरळ किल्ली काढली. तर मामंजींनी माझा हात धरला. सासऱ्यानं सुनेचा हात धरायचा म्हणजे लहान गोष्ट नव्हती त्या काळी. म्हणाले, "हितं न्हाई. परस्थान ज्या घरात ठिवलं त्या घरात उघडत न्हाईत. भाईर काढ, मग उघड."

टांगेवाला, मामंजी आणि शेजारचा माळी अशा तिघांनी मिळून पेटी टांग्यात घातली. मावशी आमच्यासोबत स्टेशनपर्यंत आली, "पोरीला गाडीत बसवून देते" म्हणून. मला वाटलं, ही पोचवायला नाही, पहारा करायला येतेय. लुगडी काढून घेऊन वजनाला तुंगार्लीच्या तळ्यावरचे धोंडे भरलेत हिनं, याबद्दल माझी खात्री झाली होती. मामंजींच्या कानात मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "म्या आनून टाकली तवा बी जडच हुती की." म्हणजे हेही तिला सामील!

स्टेशनावर हमालानं पेटीला हात लावला आणि तो हसला. "काय बाई, घाटातली दरड घेऊन निघालात का?" मग काट्यावर घातली. तिथला बाबू चांगला माणूस होता, पण नियमाचा पक्का. म्हणाला, "एवढं वजन डब्यात चालणार नाही. ब्रेकला, मालाच्या डब्यात लावा. पण या गाडीला आता वेळ नाही, पेटी पुढच्या गाडीनं येईल."

पुढच्या गाडीनं येऊन चालणार नव्हतं. नवऱ्याच्याच कामावरचं एक जोडपं त्या बोटीनं परत जात होतं. ते बोरीबंदरला याच गाडीवर मला उतरवून घेणार, रात्री आपल्या बिऱ्हाडी ठेवणार, आणि सकाळी डॉक्टरची तपासणी करून बोटीवर चढवणार, असं ठरलं होतं. त्यांची गाठ चुकली असती तर मामंजी मला एकटीला बोटीवर चढवणार नव्हते. आणि पेटी सोडून जावं, तर तिकडं जाऊन नेसायचं काय, आणि रांधायचं कशात? नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशी गत झाली. सिग्नल अजून पडला नव्हता. मी फलाटावरच मांडी घातली आणि कुलूप उघडलं. मावशीच्या तोंडाकडे बघत बघतच झाकण वर केलं.

धोंडे नव्हते. माझं हिरवं लुगडं होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती. भांडी होती, तांदूळ होते. पण सगळं वर आलं होतं. खाली हात घातला तर गोधडी लागली. आमच्या घरातली, जाड, सासूच्या अंथरुणावरची. तिच्या घडीत सासूची दोन लुगडी, दोन चोळ्या, फणी, कुंकवाचा करंडा. एका फडक्यात सुपारी आणि तांदूळ. पितळी तांब्या. आणि तिचा पानं कुटायचा लोखंडी खलबत्ता. सासूचे दात पडले होते, कुटल्याशिवाय तिला पान खाता यायचं नाही. तो खलबत्ता सापडत नाही म्हणून तिनं महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं, आणि संशय कुणावर? माझ्यावर. सगळ्यात तळाशी, कागदात गुंडाळलेल्या, तिच्या नव्या वहाणा होत्या.

मला आधी वाटलं, सासूनं मला चोर ठरवायला हे भरलं. मग वाटलं, माझ्या जागी हीच जाणार होती की काय? मी मामंजींकडे बघितलं. त्यांनी वहाणा हातात घेतल्या होत्या आणि उलट्यासुलट्या करून बघत होते.

"हे तिचं परस्थान हाय," ते म्हणाले.

"कशाचं परस्थान? त्यांचं तिकीट कुटं हाय? कागद कुटं हायत?"

"न्हाईत. तिला कोन नेतंय?" ते म्हणाले. "लेकाकडं जायाचं म्हनून लय दिस चाललंवतं तिचं. म्या म्हनायचो, येडी का खुळी. मग बोलायची बंद झाली."

मावशी तोंडाला पदर लावून उभी होती. तिला माहीत होतं की नव्हतं ते मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात सिग्नल पडला. हमाल म्हणाला, काय काढायचं ते काढा लवकर. मामंजींनी गोधडी उचलली, खलबत्ता उचलला, लुगडी काखेत मारली. म्हणाले, "तिचं म्या घरी घिऊन जातो. तुझं तू ने."

खरं सांगते, मी त्यांना अडवलं ते सासूच्या मायेनं नाही. मला राग आला होता तिचा. पण डोक्यात एकच गोष्ट आली. पेटी एक, मुहूर्त एक, दार एकच ओलांडलेलं. त्यातलं सामान माघारी घरात गेलं तर प्रवास मोडणार कुणाचा? तिचा की माझा? आणि हे तिला ठाऊक असणारच. म्हातारीनं दोघींची गाठ अशी मारली होती की एकीची सोडली तर दुसरीची सुटेल. मी मनात तिला दोन शिव्या हासडल्या आणि मामंजींच्या काखेतली लुगडी ओढून घेतली.

"त्यांचं काय बी माघारी जायाचं न्हाई," मी म्हटलं. "माझं काढते."

मग माझी पितळेची भांडी काढली, पोळपाट-लाटणं काढलं, तांदूळ काढले. तांदूळ काढताना मात्र जीव तुटला. आमच्या खाचरातला आंबेमोहर, वर्षाचा निवडून ठेवलेला. हे सगळं परत गावाला पाठवायची सोय नव्हती, कारण तेही परस्थानातलंच. मावशी लगेच पुढं झाली. "मी जपते हो सगळं, तू निर्धास्त जा." जपलं. अजून जपते आहे. तिच्याबद्दलचा माझा संशय काही अगदीच वाया गेला नाही.

गाडी आली. हमालानं पेटी बाकाखाली सरकवली, बाबूनं दुसरीकडे तोंड फिरवलं. मामंजी माझ्यासोबत बोरीबंदरपर्यंत आले, त्या जोडप्याच्या हवाली करून सकाळी धक्क्यावरही आले. मी शिडी चढले तेव्हा ते खाली उभे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. पेटी कुठं चाललीय तिकडे बघत होते.

मोंबासाला नवऱ्यानं दुसरं घर केलेलं नव्हतं. तेवढी सुटका झाली. पेटी उघडल्यावर आईचा खलबत्ता बघून तो म्हणाला, आई येणार आहे का? मी म्हटलं, आलीय असं समज. त्याला त्यातलं काही कळलं नाही, आणि मला समजावून सांगायचं धैर्य नव्हतं. मी दुसऱ्यांच्या भांड्यात स्वयंपाक करून त्याला वाढला आणि सासूची लुगडी फळीवर ठेवली. माझी नेसून विरली, तिची मी नेसले नाही.

लढाई संपल्यावर आम्ही गावी आलो तेव्हा सासू गेलेली होती. मामंजी ओसरीवर बसायचे, नजर गेली होती. एकदा दुपारी मी त्यांच्याजवळ तांदूळ निवडत बसले असताना त्यांनी आपणहूनच काढलं. मुंबईहून ते घरी परतले तो सासू दारातच बसली होती. सून रडली का, बोट केवढी होती, काही विचारलं नाही.

"मला म्हनली, गेलो का आमी?" मामंजी म्हणाले. "म्या म्हनलं, व्हय, गेलाव. मग उठून चुलीकडं गेली. त्या दिसापासून लेकाचं नाव काढून रडली न्हाई कदी."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. मग ते म्हणाले, "तू ती लुगडी माझ्या काखेत ऱ्हाऊ दिली असतीस, तर म्या तिला काय सांगनार हुतो?"