कद्दीशला नऊ कमी

शनिवारी शब्बाथकाकूंच्या घरात पंखा असायचा, वीज असायची, घामाच्या धारा असायच्या, फक्त बटण दाबायला कोणी नसायचं. काकू बेने इस्राएल, म्हणजे अलिबागकडच्या मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. तेवढ्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, बटण दाबायचं नाही आणि दुसऱ्याला "दाब" असंही म्हणायचं नाही. त्यांचे यजमान अंकुशनगरच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि कॉलनीत त्यांच्या भिंतीला भिंत लागून आमचं घर. काकूंचं खरं नाव रेशनकार्डाखेरीज कुठे उरलं नव्हतं.

माझ्या आईला ते उकडणं बघवेना. एका शनिवारी तिने जाऊन फटकन पंखा लावला. काकू शांतपणे उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. आई फुगून घरी आली. "एवढं मायेनं केलं, अन् बाई उठूनच गेली!" रविवारी काकूंनी तिची समजूत घातली. "माझ्यासाठी लावलेल्या पंख्याचा वारा मला चालत नाही. पण तुम्ही तुमच्यासाठी लावलात आणि वारा माझ्याकडे आला, तर त्याला मी काय करणार?" आईला हा कायदा इतका पटला की पुढे दर शनिवारी ती "लई उकडून राह्यलं बाई मला" म्हणत त्यांच्याकडे जायची आणि पंख्याखाली ठाण मांडायची. एका जानेवारीत तर शाल गुंडाळून, दात वाजवत बसली होती, पण उकडणं काही सोडलं नाही. शेजारी काकूही कुडकुडत होत्या, कारण बंद करा म्हणायलाही मनाई!

एरवी काकू शिकवायच्या. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की फोन मिसळणाच्या डब्याला टेकवायचा, की ठाणे, पनवेल, अलिबागच्या पोरी आणि बाया पडद्यावर हजर. तोरा, म्हणजे त्यांच्या मोशेची पाच पुस्तकं. त्यातला त्या आठवड्याचा भाग, रोजच्या प्रार्थना, दुधाची भांडी मटणाच्या भांड्यांपासून वेगळी का ठेवायची इथपर्यंतचे नियम, सगळं हिब्रूत वाचून घ्यायचं आणि मराठीत भांडून समजावायचं. मध्येच कारखान्याचा भोंगा व्हायचा. सणाला मेंढ्याचं शिंग फुंकतात तेच वाजलं असं वाटून पनवेलच्या एक आजी दर वेळी उभ्या राहायच्या.

काकूंचे वडील प्रार्थना चालवणारे होते. "मुलगा होईल, त्याला शिकवू, अशी वाट बघता बघता त्यांनी मलाच शिकवून टाकलं," असं त्या हसत सांगायच्या. एकदा ठाण्याच्या कोणा वडीलधाऱ्या गृहस्थांनी फोन करून खडसावलं की बाईमाणसाने धर्मावर निर्णय कसा द्यायचा? काकू म्हणाल्या, "मी कुठे निर्णय देते? मी फक्त पान सांगते. ते आपण उघडून बघा." गृहस्थांनी पान उघडलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात त्यांची बायको वर्गात येऊन बसली.

केमिस्टसाहेबांना धर्माचं फार नव्हतं. पण काकू धडा तयार करायला बसल्या की ते समोर खुर्ची ओढून शंका काढायचे. काकू चिडायच्या, पुस्तकं उपसायच्या, रात्रीची भाजी करपायची. ती करपलेली भाजी साहेब मिटक्या मारत खायचे.

साहेब गेले आणि ती खुर्ची भिंतीला लागली. पहिल्या वर्षाचा दिवस जवळ आला. मेलेल्या माणसासाठी त्यांच्यात कद्दीश म्हणतात. ती प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. काकूंना ठाण्याला सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, जायचं होतं, पण मोरीत पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर बसलं. साहेबांचा भाचा फोनवर म्हणाला, "मामी, मी तिकडे येतो. पण मी एकटा. नऊ कमी पडतात." मी काकूंना त्याआधी आणि त्यानंतरही रडताना पाहिलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी फोन ठेवला आणि पदर तोंडावर घेतला.

तिथे चहा पीत माझे वडील बसले होते, अण्णा. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात त्यांचा सगळा जन्म गेला, त्यामुळे कमी पडणं हा शब्द त्यांना सहनच होत नसे. "नऊच ना? मंग रडून काय राह्यल्या?" म्हणाले आणि अर्धा चहा टाकून उठले.

ठरल्या दिवशी भाचा दारात आला तर आत माणसंच माणसं. काट्यावरची मंडळी, दोन ट्रॅक्टर ड्रायव्हर, हसनाबादहून मुद्दाम बोलावलेला माझा मामा, शहागडचा टायरवाला. ऐनवेळी खोळंबा नको म्हणून अण्णांनी एक जास्तीचाही आणला होता. साहेब प्रार्थनेला डोकं झाकायचे हे त्यांच्या लक्षात होतं, म्हणून सगळ्यांची डोकी झाकलेली. कोणाला टोपी, कोणाला रुमाल, एकाला माकडटोपी. टायरवाला मोटारसायकलवर आला होता, त्याने हेल्मेटच ठेवलं होतं. भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं.

काकूंनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि हसायला लागल्या. पोट धरून हसल्या, प्लास्टर खाटेवर थडथड आपटलं, डोळ्यांतून पाणी. मग म्हणाल्या, "अण्णा, हे दहा आमच्या धर्मातले लागतात हो."

अण्णा ओशाळले. "म्हंजी, आमची गिनती व्हत न्हाई?"

"कद्दीशला नाही होत. पुस्तकातलं मी बदलू शकत नाही," काकू म्हणाल्या. "पण अण्णा, त्या दहांत माझी तरी कुठे होते? मीसुद्धा तुमच्याच रांगेत. गेलेल्याच्या नावाने धडा वाचायला मात्र मोजणी लागत नाही. बसा सगळे."

त्या आठवड्याचा भाग अब्राहामाचा होता. पापी गाव जाळायला निघालेल्या देवाला तो अडवतो. गावात पन्नास चांगली माणसं निघाली तर सोडशील? पंचेचाळीस? चाळीस? देव कबूल होत जातो आणि अब्राहाम खाली उतरत जातो. आमची मंडळी गुडघ्यांवर पुढे सरकली. "बिलकुल मोंढ्यातल्या सौद्यावानी!" मामा ओरडला. तीस झाले, वीस झाले, शेवटी दहा. तिथे अब्राहाम थांबला.

"काकू," हेल्मेटमधून आवाज आला, "त्यो दहावरच काहून थांबला? देव बराबर ऐकून राह्यल्ता की! एकावर आणायचं न्हाई का?"

काकूंच्या हातातलं पुस्तक मिटलं. "आमचे साहेब दरवर्षी हेच विचारायचे," त्या म्हणाल्या. "आणि मी दरवर्षी वेगळं उत्तर द्यायचे." भाच्याने भिंतीला लावलेली खुर्ची उचलली आणि टायरवाल्याला दिली. मग जी जुंपली म्हणता! एक म्हणे दहाच्या खाली गाव उरतच नाही, दुसरा म्हणे एक चांगला माणूस सगळ्या गावाला भारी. काकू प्रत्येकाचं खोडायच्या, पान सांगायच्या, परत खोडायच्या. शेवटी खोबरं आणि फळं घातलेल्या गोड पोह्यांचा मलिदा आला. मामाने हळूच मिरची मागितली, ती मिळाली नाही. भाच्याने दुसऱ्या दिवशी ठाण्याला जाऊन कद्दीश म्हटलं.

काकू आता इस्राएलला लेकीकडे असतात. इथून जाताना अख्खी कॉलनी रडली, माझी आई सगळ्यांत मोठ्याने. यंदा साहेबांच्या दिवशी त्यांचा फोन आला. मी विचारलं, कद्दीश नीट झालं ना? "झालं ग. इथे काय, खिडकीतून हाक मारली की दहा माणसं येतात. आले, उभे राहिले, आमेन म्हणाले, गेले. कोणी काही विचारलंच नाही."

मग म्हणाल्या, "अण्णांना फोन दे. आणि त्यांना सांग, काहीतरी विचारा."