पेनड्राइव्हचा हार

यंदा खंडेनवमीला आमच्या घरी कोयता, मेंढ्यांची लोकर कातरायची कात्री आणि माझा बंद पडलेला लॅपटॉप यांची एकत्र पूजा झाली.

चार वाजता माझी इंटर्नशिपची ऑनलाइन मुलाखत होती. त्यात प्रोग्रॅम लिहून दाखवायचा, म्हणजे मोबाइलवर भागणार नव्हतं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सांगोल्याजवळच्या आमच्या वस्तीवर सगळ्यांची समजूत, की मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. (माझीही तीच होती!)

लॅपटॉपमध्ये विंडोज नव्याने टाकायला सोलापुरातल्या कॉलेजच्या लॅबमधून मी बूटेबल पेनड्राइव्ह करून आणला होता. नुसत्या फायली कॉपी करून चालत नाही. लॅपटॉप सुरू होतानाच त्याच्यावरचा इन्स्टॉलर उठला पाहिजे. मी तो लावला, सेटिंगमध्ये त्याला डिस्कच्या आधीचा नंबर दिला, तोवर आईने त्यालाही झेंडूचा हार घातला.

"आई, हे आत्ता वापरायचंय."

"पुजल्यालं हत्यार आज चालवत्यात व्हय?"

"चारला मुलाखत आहे गं!"

"मग चालव. पर हार काढायचा न्हाय!"

इन्स्टॉलरने भाषा विचारली, फायली उतरवल्या आणि लॅपटॉप रीस्टार्ट झाला. पडद्यावर ओळ आली : पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी कोणतंही बटण दाबा. मी आज्ञाधारक मुलगा. दाबलं!

पुन्हा भाषा.

"हे मगाशी इचारलं हुतं की," शेजारी बसून बघणारे माझे आबा म्हणाले.

"खात्री करून घेतं, आबा."

पुन्हा फायली, पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा ती ओळ. मी पुन्हा दाबलं! तिसऱ्यांदा भाषा आली तेव्हा आबा काळजीने म्हणाले, "लई इसराळू हाय रं. ह्याच्यावर तुजी नोकरी?"

पावणेचार झाले. पडदा पुन्हा काळा झाला, आणि...

"आरं, करडू! करडू!"

शेळीच्या करडाने हार तोंडात धरून हिसडा दिला. पेनड्राइव्हसकट हार अंगणात! आई किंचाळली. मी डोळे मिटले. संपलं सगळं!

उघडले, तर लॅपटॉप डिस्कवरून मुकाट पुढचं काम करत होता.

मुलाखतीला दहा मिनिटं उशीर झाला. मॅडमनी कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं, "पहिल्या रीस्टार्टनंतर पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू करायचं नसतं, हे मला कळलं नाही."

"मग कुणाच्या लक्षात आलं?"

"घरातल्याच एकाच्या."

"तुमच्यामागे हार खातायत, तेच का?"

माझी निवड झाली, असं आई वस्तीभर सांगते. कंपनीने नक्की कुणाला निवडलं, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही!